बिनमॉनिटरच्या लिनक्सवर दुरून डेस्कटॉप कसा उघडायचा? व्हीएनसी, एक्सआरडीपी की आणखी काही?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. एका जुन्या पीसीवर डेबियन १२ टाकलंय. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. वीज आणि नेटवर्कची केबल, एवढंच. एसएसएचने, म्हणजे दुरून आदेश टंकायच्या खिडकीतून, आत जाता येतं आणि फायली ठेवायला त्याचा मस्त उपयोग होतो. पण सगळे जुने फोटो त्यावरच आहेत आणि ते डिजिकॅम या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये लावायचेत. म्हणजे खिडक्या, माऊस, सगळं लागणार. लॅपटॉपवरून तर हवंच, पण बाहेर असताना टॅबवरूनही बघता आलं तर उत्तम.

एक व्हिडिओ बघून टाइटव्हीएनसी बसवलं (व्हीएनसी म्हणजे दुसऱ्या मशीनचा पडदा नेटवर्कवरून आपल्याकडे दाखवायची पद्धत). पासवर्ड मागितला, दिला. लॅपटॉपवरून ५९०१ पोर्टला जोडल्यावर नुसता करडा पडदा आणि मधोमध फुलीसारखा कर्सर. माऊस हलवला की फुली हलते. क्लिक केलं, राइट क्लिक केलं, ढिम्म.

नक्की काय राहिलंय? आणि व्हीएनसीपेक्षा बरं काही आहे का?

आळशी_कर्सर
फुली हलतेय म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. उरलेली अर्धी हरायला इथे भरपूर मनुष्यबळ मिळेल. :)

सौदामिनी
कोरी_पाटी, तुमचं व्हीएनसी बिघडलेलं नाही, त्याला जे सांगितलंय तेच ते इमानेइतबारे करतंय. होम फोल्डरमध्ये '.व्हीएनसी' नावाचं लपलेलं फोल्डर आहे, त्यात 'एक्सस्टार्टअप' नावाची फाइल. ती उघडा. टाइटव्हीएनसी ती स्वतःच बनवतं आणि तिच्यात एक्ससेटरूटची एक ओळ असते, शेवटी 'सॉलिड ग्रे' लिहिलेली. तो करडा रंग तिथून आलाय! तिच्याखाली टर्मिनल आणि विंडो मॅनेजर सुरू करायच्या ओळी असतात, पण त्यांच्या आधी हॅशची खूण, म्हणजे त्या बंद. सगळ्यात शेवटी डेस्कटॉप सुरू करणाऱ्या एक्ससेशनला हाक मारलेली असते, आणि मशीनवर डेस्कटॉपच नसेल तर त्या हाकेला ओ देणारं कोणी नाही.

आधी हे सांगा की डेस्कटॉप कुठला बसवलाय. आणि त्याच फोल्डरमध्ये मशीनच्या नावाची एक लॉग फाइल असेल, तिच्या शेवटच्या ओळी इथे चिकटवा.

कोरी_पाटी
डेस्कटॉप वेगळा बसवावा लागतो हे व्हिडिओत कुठेच नव्हतं. :( त्यांच्याकडे थेट सगळं दिसत होतं.

गवाक्ष
म्हणूनच मी विंडोज वापरतो. सेटिंगमध्ये एक बटण दाबलं, रिमोट डेस्कटॉप चालू. विषय संपला.

काळी_खिडकी
@गवाक्ष, होम आवृत्तीत ते बटण दाबून दाखवा, मग बोलू.

गवाक्ष
प्रो आहे माझ्याकडे.

काळी_खिडकी
असो. मूळ प्रश्नाकडे वळतो. सर्व्हरवर डेस्कटॉप टाकणं हेच मुळात पटत नाही. मशीन चोवीस तास चालू, समोर कोणी बसलेलं नाही, आणि आपण त्यावर वॉलपेपर लावणार. टीमक्स घ्या. त्यात चालू केलेलं काम लॅपटॉप बंद केला तरी चालूच राहतं, दुसरीकडून जोडलं की होतं तिथून पुढे. नेटवर्क रडत असेल तर जोडीला मॉश. पंधराएक वर्षांपूर्वीची मशिनं मी आजही अशीच चालवतो.

आळशी_कर्सर
आणि फोटो काय अ‍ॅस्की अक्षरांत बघणार का काका?

काळी_खिडकी
फोटो लॅपटॉपवर बघायचे. सर्व्हरवरचं फोल्डर एसएसएचएफएसने, म्हणजे एसएसएचवरूनच, लॅपटॉपला जोडा (माउंट करा), डिजिकॅम लॅपटॉपवर चालवा. डेस्कटॉपची भानगडच नाही.

सौदामिनी
@काळी_खिडकी, थोड्या फोटोंना हा मार्ग चालेल. पण डिजिकॅम प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवताना फाइल वाचतो, चेहरे ओळखायला बसवला तर पुन्हा वाचतो. हे सगळं एसएसएचएफएसवरून म्हणजे संध्याकाळपर्यंत निळी पट्टी बघत बसा. शिवाय त्याचा डेटाबेस नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवू नये, एसक्यूलाइटचं लॉकिंग तिथे भरवशाचं नसतं. काम डेटाच्या शेजारी आणि फक्त चित्र आपल्यापर्यंत, हेच इथे बरोबर आहे.

मूळपुरुष
नव्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

युनिक्सवर 'डेस्कटॉप' हा एकच प्रोग्रॅम नसतो. सगळ्यात खाली एक्स सर्व्हर: पडद्यावर काढायचं काम त्याचं, कीबोर्ड-माऊसची बातमी त्याच्याकडे. त्यावर विंडो मॅनेजर: खिडक्यांना चौकट, वरची पट्टी, ओढणं-सरकवणं. त्यावर पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सूचना वगैरे. हे सगळं एकत्र बांधून दिलं की नोम, केडीई, एक्सएफसीई, मॅटे. आणि लॉगिनचा जो पडदा दिसतो तो डिस्प्ले मॅनेजर: जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम. टाइटव्हीएनसी किंवा टायगरव्हीएनसीचा सर्व्हर या चळतीत सगळ्यात खाली बसतो. तो स्वतःच एक एक्स सर्व्हर आहे, फक्त त्याचा पडदा काचेचा नसून मेमरीतला. म्हणून त्याला मॉनिटर लागत नाही, आणि म्हणूनच नुसता तोच चालू केला तर फुलीशिवाय काही दिसत नाही.

आता गंमत. एक्समध्ये सर्व्हर आपल्या समोर असतो आणि क्लायंट दूरच्या मशीनवर. पडदा-कीबोर्डची सेवा देतो तो सर्व्हर, ती सेवा मागणारा प्रोग्रॅम क्लायंट. एमआयटीत १९८४ साली प्रोजेक्ट अथेनाच्या काळात हे सुरू झालं, आणि आपण जे एक्स११ म्हणतो ते १९८७ चं. तेव्हापासून हा प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर चालतोय आणि दिसतोय कुठे, याचा एकमेकांशी संबंध ठेवायची गरजच नव्हती.

आळशी_कर्सर
मूळपुरुष आले, आता धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसलोय.

कडीकुलूप
एक मिनिट. कोरी_पाटी, तुम्ही 'बाहेर असताना टॅबवरून' लिहिलंय. बाहेरून कसं जोडताय?

कोरी_पाटी
व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे राउटरवर ५९०१ पोर्ट त्या मशीनकडे वळवलंय. पासवर्ड चांगला १४ अक्षरी आहे, काळजी नको.

कडीकुलूप
हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी तो पोर्ट बंद करा. मग पुढचं वाचा.

व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीच्या पासवर्डमध्ये फक्त पहिली आठ अक्षरं धरतात. बाकीची गळून जातात. ती पद्धत डीईएस या जुन्या कूटलेखनावर आधारलेली आहे, ५६ बिटांची किल्ली, आठ अक्षरांत संपली. विश्वास बसत नसेल तर पासवर्डची पहिली आठ अक्षरं टाका आणि एंटर दाबा. दुसरं म्हणजे पासवर्डनंतरचं सगळं उघड्यावर जातं. पडद्यावरची चित्रं, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ, काहीही कूटबद्ध नाही. ५९०० च्या आसपासचे पोर्ट दिवसरात्र चाचपडत फिरणारे बॉट आहेत. तुमच्या त्या लॉग फाइलमध्ये अनोळखी पत्त्यांवरून आलेली कनेक्शनं दिसतील.

कोरी_पाटी
बंद केला. आठ अक्षरं टाकून बघितली. आत घेतलं!!! आणि लॉगमध्ये खरंच कुठले कुठले आयपी आहेत, तेही रात्री तीन वाजता.

आळशी_कर्सर
रात्री तीन वाजता आलेला पाहुणा, त्यालाही करडा पडदाच दिसला असेल. बिचारा.

कडीकुलूप
हसण्यावारी नेऊ नका. तिथे डेस्कटॉप चालू असता तर? या वेळी रिकामा पडदा होता म्हणून निभावलं.

बाहेरून यायचे दोनच रस्ते मला मान्य आहेत. एक, एसएसएचचा बोगदा. एसएसएचला मोठा एल पर्याय देऊन आपल्या मशीनवरचा ५९०१ पलीकडच्या लोकलहोस्टच्या (लोकलहोस्ट म्हणजे मशीनचा स्वतःपुरता पत्ता) ५९०१ शी जोडायचा, आणि व्हीएनसीचा व्ह्यूअर स्वतःच्याच लोकलहोस्टला लावायचा. व्हीएनसी सर्व्हरला सांगायचं, फक्त लोकलहोस्टवर ऐक. डेबियनचं टायगरव्हीएनसी आपण होऊन तसंच वागतं, टाइटव्हीएनसी वागत नाही. दोन, वायरगार्ड, म्हणजे कूटबद्ध खासगी नेटवर्क (व्हीपीएन). लिनक्स कर्नलमध्ये ते ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. टॅबवर त्याचं अ‍ॅप मिळतं. राउटरवर एक यूडीपी पोर्ट उघडावा लागतो, पण किल्लीशिवाय आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

एसएसएचला पासवर्डने लॉगिन बंद, रूटचं लॉगिन बंद, ईडी२५५१९ किल्ली. हे वेगळं सांगायला नको.

गवाक्ष
एसएसएचचा पोर्ट २२ बदलून दुसराच कुठला ठेवला तर पुरे ना?

कडीकुलूप
लॉगमधली गर्दी कमी होते. सुरक्षा वाढते असं म्हणणार नाही.

तिरपी_रेघ
मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवतंय का? एक्सझेड युटिल्स या फायली दाबून छोट्या करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मागचं दार बसवलं होतं, आणि रोख एसएसएच सर्व्हरवरच होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या माणसाला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं. अर्धा सेकंद! आपण चहा करून येतो तोवर लॉगिन झालेलं नसतं तरी आपल्याला शंका येत नाही.

तर माझं मत वायरगार्डला. एसएसएच त्याच्या आत.

मूळपुरुष
सुरक्षेवरून आठवलं. जुन्या काळी आमच्या ऑफिसात एक्स टर्मिनलं होती. नुसता पडदा, कीबोर्ड आणि आत फक्त एक्स सर्व्हर. सगळे प्रोग्रॅम सोलारिसच्या मोठ्या मशीनवर. एक्सडीएमसीपीने, यूडीपी १७७ वरून, लॉगिनचा पडदा यायचा, सगळं उघड्यावर. परवानग्यांचा कंटाळा येऊन निम्मे लोक 'एक्सहोस्ट प्लस' मारून ठेवत. म्हणजे कुणीही यावं आणि माझ्या पडद्यावर काहीही काढावं.

मग काय, लोक काढायचे. एक्सरोच नावाचा प्रोग्रॅम होता. खिडक्यांच्या खाली झुरळं लपून बसायची आणि खिडकी हलवली की पळत सुटायची. हिशोबाचा तक्ता घेऊन बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंच्या पडद्यावर कोणीतरी ती सोडली. बाईंनी खिडकी सरकवली, किंचाळल्या, आणि मग शांतपणे ज्या लॉगिनवरून ती आली होती ते पीएस आदेशाने शोधून काढून त्याच्या सगळ्या प्रोसेस मारल्या. त्याचा दिवसभराचा न साठवलेला मजकूरही गेला. त्यानंतर 'एक्सहोस्ट प्लस' कोणी मारलं नाही.

आळशी_कर्सर
त्या बाईंना दंडवत.

काळी_खिडकी
त्या बाई टर्मिनल वापरत होत्या म्हणून सापडला. एवढंच सांगायचंय.

शेवटचा_बाइट
मला पूर्ण डेस्कटॉप नकोच, एखादाच प्रोग्रॅम हवा असतो. मी एसएसएचला मोठा एक्स, म्हणजे पलीकडची खिडकी इकडे आणायचा (एक्स फॉरवर्डिंगचा) पर्याय, लावून चालवतो. पण एक विचित्र प्रकार होतो. सुरुवातीला सगळं छान, मग थोड्या वेळाने त्याच टर्मिनलवरून दुसरा प्रोग्रॅम चालू करायला गेलो की 'डिस्प्ले उघडता येत नाही' म्हणतो. आधीची खिडकी मात्र चालूच असते. बाहेर पडून पुन्हा आत आलं की परत ठीक. आर्च लिनक्सवर आहे.

सौदामिनी
वीस मिनिटांनी होतं ना? मोठा एक्स म्हणजे अविश्वासू फॉरवर्डिंग. त्याला मुदत असते, 'फॉरवर्ड एक्स११ टाइमआउट', मूळ किंमत १२०० सेकंद. मुदत संपली की नवीन कनेक्शन नाकारायचं, जुनं चालू ठेवायचं. ही मुदत वाढवा, किंवा पलीकडच्या मशीनवर पूर्ण भरवसा असेल तर मोठा वाय वापरा. मोठ्या वायमध्ये पलीकडचा प्रोग्रॅम तुमच्या पडद्यावरच्या इतर खिडक्यांत दाबलेल्या कळाही वाचू शकतो, तेव्हा कुठल्याही मशीनला तो लावू नका. डेबियनने स्वतःच्या सेटिंगमध्ये दोन्हींना एकच करून ठेवलंय, त्यामुळे तिकडच्या लोकांना हा अनुभव येत नाही.

ज्यांचं एक्स फॉरवर्डिंग मुळात चालतच नाही त्यांनी पलीकडे 'एक्सऑथ' (पडद्याच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम) बसवलंय का ते बघा. बारीकशा सर्व्हरवर ते नसतं. चालू असेल तर डिस्प्लेची किंमत 'लोकलहोस्ट:१०.०' अशी दिसते. रिकामी दिसली तर बोगदा तयारच झालेला नाही, हातानेच ':०' भरून काही होणार नाही.

शेवटचा_बाइट
वीस मिनिटंच! कोणी सांगितलं नसतं तर जन्मभर राउटरला शिव्या दिल्या असत्या. धन्यवाद सौदामिनीताई.

तिरपी_रेघ
एकच प्रोग्रॅम दुरून चालवायचा तर एक्सप्रा बघा. तुटल्यावर प्रोग्रॅम मरत नाही, पुन्हा जोडलं की खिडकी परत येते. साध्या एक्स फॉरवर्डिंगमध्ये नेटवर्क गेलं की प्रोग्रॅम गेला, न साठवलेल्या कामासकट.

आणि दुरून एक्स फॉरवर्डिंग मंद का वाटतं तेही सांगून टाकतो. जुने प्रोग्रॅम 'इथे रेघ काढ, इथे अक्षर लिही' असे छोटे हुकूम पाठवत. आजचे जीटीके आणि क्यूटीवाले (खिडक्या-बटणं बनवायचे हे दोन तयार संच) आपलं चित्र स्वतः पूर्ण रंगवतात आणि तयार ठोकळा पाठवतात. वर प्रत्येक बारीक गोष्टीला 'विचारलं, उत्तर आलं, मग पुढे' हा एक्सचा स्वभाव. घरातल्या नेटवर्कवर जाणवत नाही, बाहेरून मेनू उघडेपर्यंत आपण काय करायला निघालो होतो ते विसरतो.

मूळपुरुष
हे खरं आहे, मान्य. पण एक्सच्या जागी आलेल्या तुमच्या वेलँडने ती सोयच काढून टाकली त्याचं काय?

तिरपी_रेघ
आलात शेवटी वेलँडवर. :)

क्रिस्तियान ह्योग्सबर्गने २००८ साली वेलँड सुरू केलं ते एक्समध्ये खोल काम करूनच. एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा ऐकू शकतो आणि पडद्याचं चित्र घेऊ शकतो. आत्ताच सौदामिनीने त्याबद्दल इशारा दिलाय. वेलँडमध्ये हे होत नाही. त्याचा तोटा असा की एक्स११व्हीएनसीसारखी पडदा परस्पर उचलणारी साधनं तिथे चालत नाहीत, पडदा द्यायचं काम कंपोझिटरने, म्हणजे खिडक्या जोडून पडदा रचणाऱ्या प्रोग्रॅमने, स्वतः करावं लागतं. आता ते होतंय. नोममध्ये आरडीपी, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, आवृत्ती ४२ पासून आहे, आणि समोर कोणी लॉगिन केलेलं नसताना दुरूनच लॉगिन करायची सोय ४६ पासून, म्हणजे २०२४. केडीईत केआरडीपी प्लाझ्मा ६.१ पासून. स्वे वगैरे कंपोझिटरांसाठी वेव्हीएनसी. आणि एकच प्रोग्रॅम एसएसएचवरून आणायचा तर वेपाइप. सोय गेलेली नाही, जागा बदललीय.

मूळपुरुष
म्हणजे जे एका ठिकाणी होतं ते आता प्रत्येक कंपोझिटरने आपापलं लिहायचं. सोळा वर्षं थांबलो, आणि मिळालं काय, तर दुरून लॉगिन.

तिरपी_रेघ
थांबायचं कोणी सांगितलं होतं, पॅच पाठवायचे.

मूळपुरुष
पॅच पाठवायला एक्समध्ये गर्दी होती का? ती सगळी मंडळी उठून तुमच्याकडे आली म्हणून तर इकडे शुकशुकाट.

तिरपी_रेघ
हेच तर म्हणतोय. ज्यांना एक्सची खडान्‌खडा माहिती होती त्यांनीच ते सोडलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये एक्सऑर्ग, म्हणजे नेहमीचा एक्स सर्व्हर, नाहीच, जुन्या प्रोग्रॅमांसाठी फक्त एक्सवेलँड. पुढे बाकीचेही त्याच वाटेने जाणार.

पफरमासा
आमच्या ओपनबीएसडीत (लिनक्ससारखीच वेगळी युनिक्स सिस्टिम) एक्स मूळ सिस्टिमबरोबरच येतं. झेनोकारा नाव आहे, त्यांनी स्वतः तपासून बांधलेलं. 'आरसीसीटीएल'ने झेनोडीएम चालू केलं की लॉगिनचा पडदा हजर, आत एफव्हीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर. दिसायला १९९५, पण हलायचं नाव घेत नाही.

फ्रीबीएसडीवर मात्र हाताने करावं लागतं. पीकेजीने एक्सऑर्ग बसवा, डीआरएम-केमॉड बसवा, इंटेलचं ग्राफिक असेल तर आरसी.कॉन्फच्या 'केएलडी लिस्ट'मध्ये 'आय९१५केएमएस' घाला, डीबस (प्रोग्रॅमांची आपसातली निरोप-यंत्रणा) चालू करा, आणि वापरणाऱ्याला 'व्हिडिओ' गटात टाका. हे शेवटचं लोक हटकून गाळतात आणि मग डेस्कटॉप कासवाच्या गतीने का चालतो विचारत येतात. दुरूनच वापरायचं असेल तर ग्राफिकच्या ड्रायव्हरचं हे सगळं सोडून द्या. टायगरव्हीएनसी किंवा एक्सआरडीपी फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्स' या सॉफ्टवेअर-संग्रहात आहेत, त्यांना ग्राफिक कार्डाशी देणंघेणं नाही.

आळशी_कर्सर
पफरमासाचा प्रतिसाद येईपर्यंत धागा पूर्ण होत नाही.

सौदामिनी
मंडळी, वेलँडचा वेगळा धागा काढा. कोरी_पाटी बिचारी करड्या पडद्यासमोर बसलीय.

दुरून वापरणं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि साधन त्यावरून ठरतं. एकच खिडकी हवी: एक्स फॉरवर्डिंग किंवा एक्सप्रा. खऱ्या पडद्यावर चालू आहे तेच दुरून बघायचंय, कोणाला मदत करायला वगैरे: एक्स११व्हीएनसी, नोमचं स्वतःचं आरडीपी, रस्टडेस्क. तिसरं, मशीनवर पडदाच नाही आणि आपल्यासाठी एक स्वतंत्र, टिकून राहणारं सेशन हवं. तुमचं हे तिसरं आहे. दुसऱ्या प्रकारचं साधन बिनमॉनिटरच्या मशीनवर लावलं की ग्राफिक कार्ड म्हणतं मॉनिटर कुठाय, आणि एकतर काळं दिसतं नाहीतर पोस्टाच्या तिकिटाएवढा पडदा मिळतो. मग लोक एचडीएमआयचा खोटा प्लग आणून लावतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

तुम्ही असं करा. टाइटव्हीएनसी काढून टाका. एक्सएफसीई बसवा, जुन्या मशीनवर नोम नको, आणि ग्राफिक कार्डाशिवायच्या सेशनमध्ये त्याची सगळी चमकधमक सीपीयूवर येऊन पडते. मग एक्सआरडीपी (आरडीपीचा लिनक्सवरचा सर्व्हर) आणि एक्सऑर्गएक्सआरडीपी बसवा. 'एक्सआरडीपी' या वापरकर्त्याला 'एसएसएल-सर्ट' गटात टाका, नाहीतर त्याला प्रमाणपत्राची किल्ली वाचता येत नाही. होम फोल्डरमध्ये '.एक्ससेशन' नावाची फाइल करून तिच्यात एकच ओळ: 'एक्सएफसीई४-सेशन'. सर्व्हिस रीस्टार्ट. पोर्ट ३३८९, पण तो राउटरवर उघडायचा नाही, एसएसएचच्या बोगद्यातून यायचं. लॅपटॉप विंडोजचा असेल तर अलीकडचा पोर्ट ३३९० घ्या, कारण तिथला क्लायंट लोकलहोस्टच्या ३३८९ ला जोडायला नकार देतो.

व्हीएनसीऐवजी हे का, तर लॉगिन तुमच्या लिनक्सच्याच नाव-पासवर्डने होतं, आठ अक्षरांची भानगड नाही. खिडकीच्या मापाप्रमाणे पडदा बसतो. टॅबवरही आरडीपीची अ‍ॅप चांगली आहेत.

गवाक्ष
म्हणजे शेवटी मायक्रोसॉफ्टचाच प्रोटोकॉल. मी पहिल्या पानावर काय म्हणालो होतो?

काळी_खिडकी
तुम्ही 'विषय संपला' म्हणाला होता. :)

उंबरठा
एक्सआरडीपीबद्दल एक खबरदारी. त्याच वापरकर्त्याने समोरच्या पडद्यावर आधीच लॉगिन केलेलं असेल तर दुरून काळा पडदा येतो किंवा क्षणभर दिसून बाहेर फेकला जातो, विशेषतः नोममध्ये. दोन सेशनांची एकाच डीबसवर झटापट होते. 'स्टार्टडब्ल्यूएम' फाइलमध्ये वरच्या बाजूला डीबस सेशनचा पत्ता आणि एक्सडीजी रनटाइम डिरेक्टरी ही दोन्ही चलं (व्हेरिएबल) अनसेट केली की बहुतेकांचं काम होतं. मी मात्र दुरून यायला वेगळा वापरकर्ताच ठेवलाय, डोक्याला ताप नाही.

आणि आत शिरताच 'कलर मॅनेज्ड डिव्हाइस तयार करायला परवानगी हवी' अशी चौकट आली तर घाबरू नका. ती परवानग्या सांभाळणाऱ्या पोलकिटची असते. रद्द करा, काही बिघडत नाही. कायमची घालवायची तर पोलकिटमध्ये एक छोटा नियम लिहावा लागतो.

कोरी_पाटी
आला!!! डेस्कटॉप आला! एक्सएफसीईचा उंदीर दिसला तेव्हा इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. ती कलरची चौकटही आली, उंबरठा यांचं वाचलेलं असल्याने सरळ रद्द केली. डिजिकॅम उघडलं, फोटो वाचतंय. खिडकी बंद केली, टॅबवरून वायरगार्डने आत आले, तर डिजिकॅम तिथेच आपलं काम करत बसलेलं.

पण फोल्डरांची सगळी नावं मराठीत आहेत आणि इथे नुसते चौकोन दिसताहेत. आणि मराठी टंकायचं कसं ते कळत नाहीये. लॅपटॉपचा मराठी कळफलक चालू केला तर तिकडे काहीतरी भलतंच उमटतंय.

शाईचा_डाग
माझा विषय! चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. एसएसएचपुरतं मशीन असेल तर देवनागरी फॉन्ट कोण टाकतंय? 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज बसवा, त्याने लोहित वगैरे येतात. नोटो हवा असेल तर तो वेगळा. मग सेशनमधून लॉगआउट करून परत या. नुसती आरडीपीची खिडकी बंद केली तर सेशन तेच राहतं आणि चालू प्रोग्रॅमांना नवा फॉन्ट दिसेलच असं नाही.

टंकायचं म्हणाल तर दोन्हीकडे मराठी चालू ठेवू नका. आरडीपीचा क्लायंट मुळात कोणती कळ दाबली तो क्रमांक पलीकडे पाठवतो, आणि पलीकडचा कळफलक त्याचा अर्थ लावतो. लॅपटॉप इंग्रजीवरच ठेवा. पलीकडे आयबस (वेगवेगळ्या भाषा टंकायची यंत्रणा) आणि त्याचं एम१७एन बसवा, त्यात मराठीला इनस्क्रिप्ट मिळेल. एक्सएफसीईच्या 'सेशन आणि स्टार्टअप'मध्ये आयबसचा डेमन घाला, आणि '.एक्ससेशन'मध्ये शेवटच्या ओळीच्या आधी जीटीके, क्यूटी आणि एक्समॉडिफायर्सची तीन चलं आयबसवर लावा. क्यूटीचं विसरू नका, डिजिकॅम क्यूटीत आहे. ते राहिलं की फाइल मॅनेजरमध्ये मराठी उमटतं आणि डिजिकॅममध्ये नाही, आणि माणूस आयबसला दोष देत बसतो.

कोरी_पाटी
चौकोन गेले, नावं दिसायला लागली. 'क्ष' आणि 'ज्ञ' सुद्धा नीट जोडलेले. आयबस आज रात्री करते.

कडीकुलूप
राउटरवर ३३८९ उघडला नाही ना?

कोरी_पाटी
नाही हो! फक्त वायरगार्डचा.

काळी_खिडकी
त्या मशीनवर टीमक्सही बसवून ठेवा. एक्सएफसीईचं टर्मिनल उघडाल तेव्हा उपयोगी पडेल.

पाहुणा_००७
जुना वाचक, पहिलाच प्रतिसाद. धागा वाचून मीही एक्सआरडीपी बसवलं, सगळं चालतं, फक्त आवाज येत नाही. व्हिडिओ मुके. काही उपाय?

उंबरठा
आवाजाचं मॉड्यूल वेगळं असतं. आधी पलीकडे पाइपवायर आहे की पल्सऑडिओ ते बघा. डेबियन १२ वर नोम बसवलं असेल तर पाइपवायर असणार, इतर डेस्कटॉपबरोबर बरेचदा पल्सऑडिओच येतं. पाइपवायरसाठी 'पाइपवायर-मॉड्यूल-एक्सआरडीपी', पल्सऑडिओसाठी त्याचं वेगळं. तुमच्या आवृत्तीला तयार पॅकेज मिळालं नाही तर सोर्स आणून बांधावं लागेल. डेस्कटॉप आणि आवृत्ती सांगा, आदेश लिहून देतो.

पाहुणा_००७
डेबियन १२, मॅटे.

उंबरठा
मग पल्सऑडिओ धरून चालू. जेवून लिहितो.